चिमीचं वजन आणि माझी वजाबाकी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळव. आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे कालपासून ठीक. त्याआधी महिनाभर मी अर्धमेला होतो.

चिमीला जुलाब झाले होते, ते तुला ठाऊक आहेच. दीड वर्षाची पोर, पार चिपाड झाली. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या. पोटाला उपयोगी पडणारे जिवंत जंतू म्हणे! (जंतूंनी आजार आणि जंतूंचंच औषध, यावर मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला पिडलं.) पहिल्या चार पुड्या मी वाफाळत्या दुधात ढवळल्या. मग बायकोनं पाकिटावरची सूचना मोठ्यानं वाचली, तेव्हा कळलं, त्या बिचाऱ्यांना मी उकडून मारलं होतं. पुढच्या गार दुधातून दिल्या. जुलाब थांबले. पण वजन?

चिमी काट्यावर एकटी उभी राहत नाही. म्हणून रोज तिला कडेवर घेऊन मी चढायचो आणि आलेल्या आकड्यातून माझे बहात्तर किलो वजा करायचो. महिन्याभरात पोर एक किलोनं उतरली! शिवायला बसलो की डोळे भरून यायचे. (एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या.) तिनं घास नाकारला की मीही ताट सरकवायचो.

काल डॉक्टरीणबाईंसमोर मी रडायचाच बाकी होतो. त्यांनी चिमीला त्यांच्या काट्यावर बसवलं. अर्धा किलो वाढली होती! मग मला म्हणाल्या, "आता तुम्ही चढा." साडेसत्तर भरलो. दीड किलो उतरलो मी आणि बोभाटा पोरीच्या नावानं!

"पुड्या पोटासाठी होत्या," त्या म्हणाल्या, "वजन जेवणानं वाढतं. रोज मोजू नका. तिच्याबरोबर बसून नीट जेवा."

बायको दवाखान्यातून घरी येईपर्यंत हसत होती. दार लावलं आणि एकदम रडायला लागली. मग मीही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. समोरचा चवीनं जेवत असला की चिमी आपोआप तोंड उघडते. दाजींइतकं मन लावून जेवणारं माणूस आपल्या नात्यात दुसरं नाही. त्यांना आठ दिवस पाठवतेस का? त्यांना मात्र कारण सांगू नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात चिमीनं माझ्या ताटातला घास उचलून खाल्ला. मी बघितलंच नाही असं दाखवलं. दाजींनी तरीही यावं.