मनकर्णाबाईंचं वांगं

४ मे १९८६, रविवार. ऊर्जानगर.
पोंभुर्ण्याहून परतलो. सासऱ्यांना, म्हणजे रामाजी मामाजींना स्पष्ट सांगून आलो: यंदा वांग्याचं रोप मी घरात तयार करणार. असल्या उन्हात वाफ्यातलं बी भाजून निघतं. शेतीच्या मासिकात सगळं दिलंय. सासूबाई मनकर्णाबाई, म्हणजे कमलाची आई, दरवर्षी एकाच वांग्याचं बी राखायच्या. त्या माघात गेल्या. आता ते बी तेवढं उरलंय. मामाजींनी पुडी दिली. म्हणाले, "सांभाळून करजा, जवाईबापू." सांभाळायचं काय त्यात?

६ मे.
मागची खोली. आंब्याची खोकी, माती, शेणखत. पेरलं. समोर कूलर, खिडकीला ओला गोणपाट. कमला म्हणाली, "उजेड कुठून येईन?" ट्यूबलाइट कशाला आहे?
शिवाय रताळं ग्लासात अर्धं बुडवलं. कोंब आले की तोडून लावायचे.

१४ मे.
उगवलं! सगळं नाही, पण उगवलं. वीज केंद्रात शिफ्टमधल्या सर्वांना सांगितलं. मामाजींना पोस्टकार्ड: वाफा करू नका.

१९ मे.
रोपं दोऱ्यासारखी, पांढुरकी, उंच. कमला म्हणते लांबली. मी म्हणतो वाढली.

२३ मे.
सकाळी एक कोपरा आडवा. तहान लागली असणार. पाणी दिलं.

२४ मे.
दुसरा कोपरा आडवा. आणखी पाणी दिलं. रताळं सडलं, कमलानं मला न विचारता फेकलं. शेजारच्या आशाबाईंनी विचारलं, "गेलं का हो सारं?" दार लोटून घेतलं.

२७ मे.
बुडं काळी पडून मऊ झालीत. उरलेल्यांना काड्यांचा आधार दिला. कमला खोक्यापाशी बसून असते. आईचं बी.
मामाजींचं कार्ड आलं. रविवारी रोप पाहायला येतात. माझं ऐकून त्यांनी वाफा केलाच नसेल तर ते वांगं संपलं. माझ्यामुळे. म्हणजे, उन्हामुळे.

१ जून, रविवार.
मामाजी पहिल्याच बसनं आले. दारातच सांगू लागलो की प्रयोगाचा पहिला टप्पा... ते थांबलेच नाहीत. खोक्यापाशी उकिडवे बसले. एका रोपाला बोट लावलं, ते आडवं झालं. कमला रडायलाच लागली, "बाबा, मायचं बी गेलं."
मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "रडू नको बाई. तुया मायचं बी घरीच हाय. वाफ्यात टाकलं, उगवलंबी. जवाईबापूले पाखडून काढलेलं पोचट देल्लं होतं. मले नाई म्हणवलं नाई."
म्हणजे बीच पोचट होतं! चूक माझी नव्हतीच! हे मी कमलाला तीनदा सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि डोळे पुसून भाकरी टाकायला गेली.
जेवताना म्हटलं, लावणीला मीही येतो मदतीला.
मामाजींचा घास तोंडापाशीच थांबला. म्हणाले, "कमलाले पाठवा. तुमी ड्युटी करा."