टाकीतला थर्मामीटर

अहो,

मी शिनोलीला आईकडं चाललेय. भाऊ न्यायला आलाय. आत्याबाईंना सांगितलंय. भाकरी टोपल्यात आहेत, कालवणाचं तुमचं तुम्ही बघा.

आता तुमच्या त्या डिस्कस माशांचं. सकाळी थर्मामीटर पाण्यात बुडवून "एकशेदोन! मासे शिजतील!" म्हणून घर डोक्यावर घेतलंत. हीटर बंद केलात, वर बादलीभर विहिरीचं गार पाणी ओतलंत, आणि मीच हीटरचं बटण फिरवलं म्हणून मला नको नको ते बोललात. मी त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

सहाही मासे आता काळे पडून कोपऱ्यात बसलेत. गारठलेत ते. हीटर मी पुन्हा चालू केलाय, आता त्याला हात लावू नका. बाराला लाईट जाईल तेव्हा टाकीवर गोधडी टाका. आणि पुण्याच्या दुकानदारानं लिहून दिलेला कागद फ्रीजवर आहे. मासे आणून पंधरा दिवस झाले, एकदा तरी वाचा.

टाकीचा थर्मामीटर काल तुमच्याच हातून फुटला. आज जो बुडवलात तो तापाचा आहे, माझ्या उशाशी होता. मी तीन दिवस अंथरुणात आहे, तरी तो तिथं कशाला, हे काय तुमच्या डोक्यात आलं नाय. झटकल्याशिवाय त्याचा पारा खाली येत नसतो.

ते एकशेदोन पाण्याचं नव्हतं. माझं होतं.

मंगल