केसांना हात लावायचा नाही

३ सप्टेंबर
समाजसेवा विभागाची तनिमादी छापील वाक्यं घेऊन आली. प्रत्येक वाक्य पटतं की नाही ते सांगायचं — ‘माझे निर्णय मी घेते’, ‘राग आल्यानेच पुष्कळदा गोष्टी बदलतात’. आपल्या आयुष्यावर आपला किती ताबा वाटतो, ते म्हणे यातून मोजतात. वेड्यांच्या इस्पितळात सात वर्षं काढलेल्या बाईला विचारतेय!

निर्णयाला ‘पटतं’ म्हटलं, रागाला ‘मुळीच नाही’. इथे कुठल्याही प्रश्नाचा अर्थ एकच — हिला घरी सोडायचं का?

५ सप्टेंबर
रागाच्या वाक्याला वॉर्डातल्या एकीनेही होकार दिला नाही, याचं तनिमादीला नवल वाटलं. शेजारच्या खाटेवरची मिनतीमावशी म्हणाली, "अगं, इथे राग आला की सुई टोचतात. तुला कोणी टोचलीये कधी?"

मग तनिमादीने सांगितलं, त्या वाक्याला ‘पटतं’ म्हटलं की गुण वाढतात. रागाला गुण! मला हसू आवरेना.

९ सप्टेंबर
मेजदाचा — माझ्या मधल्या भावाचा — फोन. दुर्गापूजेला न्यायला येईन म्हणाला, पण डॉक्टरांनी ‘शांत आहे’ असं लिहून द्यायला हवं. त्याच्या सहीशिवाय माझ्यासाठी गेट उघडत नाही. ठीक आहे. तोवर दगड होऊन राहीन.

१४ सप्टेंबर
परवा कातरवाली येणार. उवा असोत-नसोत, सगळ्यांची डोकी भादरतात. पावसाळ्यात ती आजारी होती म्हणून माझे केस मानेखाली आलेत. मावशी रोज तेल लावून विंचरते. एक ऊ काढून दाखवा!

१६ सप्टेंबर
बसले नाही.

सिस्टर म्हणाली, "पूरबी, पूजेला घरी जायचंय ना? मग डोकं खाली घाल."

सात वर्षं घातलंच की. "केसांना हात लावायचा नाही," म्हणाले. आवाज चढला. आता सुई टोचणार अशी भीती वाटत होती. मावशी उठून माझ्या शेजारी उभी राहिली. कातरवाली बिचारी मुडी, म्हणजे आपले कुरमुरे, खात बसली.

१७ सप्टेंबर
नोंद झाली — ‘उत्तेजित. इतक्यात सोडू नये.’

१९ सप्टेंबर
मेजदा म्हणाला, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. हे सातवं ‘पुढच्या वर्षी’! रडले. पोटभर रडले. पण वेणी घालून रडले.

२६ सप्टेंबर
तनिमादी नव्या डॉक्टरबाईंना घेऊन आली. त्यांनी तासभर माझ्याशी बोलून ‘उत्तेजित’वर रेघ मारली. म्हणाल्या, नव्या कायद्याने बरी झालेली बाई स्वतःच्या सहीने जाऊ शकते, भाऊ लागत नाही. मग इतके दिवस कोणी सांगितलं का नाही? तनिमादीने मान खाली घातली. बायकांच्या वसतिगृहात जागा आहे, तिथल्या स्वयंपाकघरात कामही आहे. विचार करते म्हणाले. मेजदाचं घर सुटेल कायमचं.

२ ऑक्टोबर
तनिमादीने तीच वाक्यं पुन्हा आणली. रागाच्या वाक्याला ‘पूर्ण पटतं’. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

११ ऑक्टोबर, पूजेची षष्ठी
मेजदा आला! ‘उत्तेजित’वर रेघ मारल्याचं तनिमादीने त्याला कळवलं होतं. भादरलेल्या डोक्यांमध्ये मला शोधत दोनदा माझ्यासमोरून गेला. मी हाक मारली नाही. शेवटी ओळखलं. खिशातून पेन काढून म्हणाला, "सही कुठे करायची?"

"माझी मी केली," म्हटलं. "तू वसतिगृहापर्यंत ट्रंक उचल."