शृंगवेरातलं वेर

उमरगा, ७ बहमन १३५३ फसली (इंग्रजी डिसेंबर १९४३). शाळेत शिकवून आल्यावर.

जिंजर या इंग्रजी शब्दाचा माग आज काढलाच. हेडमास्तरांकडून घरी आणलेल्या जाड डिक्शनरीत इंग्रजीवरून लॅटिन, तिथून ग्रीक, आणि शेवटी आपलं संस्कृत शृंगवेर! शृंग म्हणजे शिंग. आल्याचा तुकडा शिंगासारखा दिसतो, ते ठीक. पण वेर? डिक्शनरी म्हणते, शरीर. शिंगाचं शरीर? छे, पटेना. वेर, वेर असं मोठ्यानं घोकत बसलो.

चुलीपाशी गौरा चहासाठी आलं ठेचत होती. आमच्या लग्नाला चार महिने झाले, पण तिच्या कानडी वळणाच्या मराठीला आई हसते, म्हणून ती बोलतच नाही. आज हळूच म्हणाली, "आमच्यात बेरु म्हंजे मूळ. आलं मूळच की हो."

वेर, बेरु! हेच असणार. लॅटिन, ग्रीक पालथं घातलं, आणि घरातल्या माणसाला मी चार महिन्यांत काही विचारलंच नाही?

डिक्शनरी हेडमास्तरांची, ओरडतील. तरी समासात तिच्याच हातानं कानडीत 'बेरु' लिहून घेतलं. आई बघत होती. हसली नाही.

चहा देताना गौरा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "अजून कंचा शब्द अडलाय तुमचा?"