आईच्या तारखेचा फळा

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. डॉक्टरीणबाईंनी सिझरच करावं लागेल म्हणून सांगितलं, दिवस तुम्ही ठरवा म्हणाल्या, आणि तू सगळ्या आठवड्यातून नेमकी आईच्या जाण्याची तारीख उचललीस. आई गेली त्याच दाराने परत येईल, असं लिहिलंयस. भाऊजी नको म्हणतात, सासूबाईंनी तर अबोलाच धरलाय. म्हणून शेवटचा शब्द माझ्यावर टाकलास, कारण आईकडचं माणूस म्हणून आता मी एकटाच उरलोय. हो की नाही, एवढंच कळव म्हणालीस. ताई, एका शब्दाचं उत्तर, पण ते द्यायला मला किती दिवस लागले बघ. का लागले ते आधी वाच, मग उत्तर वाच. मधली पानं गाळून शेवट बघायची तुझी खोड मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस.

मी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात आहे, हे तुला माहीतच आहे. तू मला भोवरा म्हणायचीस ते खोटं नाही, आजवर एका जागी टिकलो नाही. इथे टिकलो तो अक्षरामुळे. शाळेनं मला बाकी काही दिलं नाही, पण मास्तरांनी बोटांवर छड्या मारून अक्षर मात्र घोटून घेतलं. आमच्या फाटकापाशी एक मोठा काळा फळा आहे. त्यावर वर 'आजच्या दिवशी' आणि खाली तीन रकाने : जन्म, मृत्यू, घडामोडी. सगळं कारखान्यातलंच. कुणाच्या पोराचा वाढदिवस, कोण कामावर असताना गेला, दुसरी भट्टी कधी पेटली, कॅन्टीनचं छप्पर उडून सगळा चहा कसा वाया गेला. पाळीवर येणारा प्रत्येक माणूस तो वाचूनच आत जातो. ज्याचं नाव मृत्यूच्या रकान्यात असेल त्याच्या मशीनवरची त्या दिवशीची पहिली बाटली विकत नाहीत, फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवतात. हे सगळं फळा लिहिणाऱ्या म्हाताऱ्या फळेकाकांच्या डोक्यात. नवीन काही असलं तर आदल्या दिवशी चहाच्या वेळी त्यांना सांगायचं. आमचा एक वेल्डर फुकटच्या चहासाठी वर्षातून तीनदा वाढदिवस सांगायचा. काका म्हणायचे, जा, आईला विचारून ये, नक्की कितव्यांदा झालास ते.

हिवाळ्यात काकांची एक बाजू गेली, वाचाही गेली. मुकादम मला म्हणाला, डोक्यात तुझ्या भुसा आहे, पण अक्षर मोत्यासारखं आहे, उद्यापासून फळा तुझा. पाळीच्या आधी, उजाडता उजाडता, फाटकाशी कुणी नसताना लिहायचा. एका गोष्टीचा अर्थ मात्र मला कुणी सांगितला नाही, कारण तो कुणालाच ठाऊक नव्हता. काका लिहिताना दोन्ही कानांत कापूस घालायचे. फळ्याच्या वरच भोंगा आहे, म्हातारा माणूस, आवाज सोसत नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मी म्हटलं, माझे कान अजून शाबूत आहेत.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी लिहीत असताना मागून कुणीतरी म्हणालं, मृत्यूच्या रकान्यात लिही : पारख्या. वळून पाहिलं तर आमच्यातलाच वाटावा असा एक कामगार. गणवेश मात्र जुन्या पद्धतीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मला वाटलं, आमच्या पारख्याच्याच नावाचा कुणी जुना माणूस असेल, काकांना माहीत असणारा, मला नसणारा. लिहिलं. तो निघून गेला तेव्हा मनात काहीतरी खटकलं, पण काय ते नंतर उमगलं. आमच्या आवारात काचेचा इतका चुरा पडलेला असतो की मांजर चाललं तरी कर्रकर्र वाजतं. त्याच्या पावलांचा काहीच आवाज आला नव्हता.

आमचा पारख्या म्हणजे उजेडात बाटल्या धरून तडा शोधणारा माणूस, धडधाकट, सगळ्यांना जावईबापू म्हणून हाक मारणारा. तो पाळीवर आला, फळा वाचला आणि पोट धरून हसला. म्हणाला, जावईबापू, मला न विचारताच मारलंत? निदान पगार तरी हातात पडू द्यायचा! सगळे हसले. मुकादमाने मला शिव्या घालून नाव पुसायला लावलं. पण दुपारपर्यंत पारख्याचं हसू आटलं. एक बाटली हातात धरून तो नुसता बघत बसला, मग अर्धी रजा टाकून घरी गेला. घरात बरं, मशीनपासून लांब बरं, असं म्हणाला. दिवेलागणीला स्वतःच्या अंगणात, खुर्चीतून उठता उठता गेला.

तेव्हापासून लोक फळा वाचायच्या आधी माझं तोंड वाचतात. तो गळ्यापर्यंत बटणं लावलेला माणूस पुन्हा आला. ड्रायव्हरच्या बायकोला जुळं होणार, लिही, म्हणाला. मी भीत भीत लिहिलं, आणि संध्याकाळी जुळं झाल्याचं सांगत ड्रायव्हर सगळ्यांना मिठ्या मारत फिरत होता. मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. कारण मग ते सगळंच खरं होतं.

तिसऱ्या वेळी त्याने आईची तारीख उच्चारली. तुझं पत्र तेव्हा आलं नव्हतं, ताई, हे ध्यानात ठेव. म्हणाला, त्या दिवसाचं आत्ताच सांगून ठेवतो. जन्म : तुझ्या बहिणीला मुलगी. मग म्हणाला, मृत्यू. पुढचं मी ऐकलं नाही. खडू टाकला आणि कॅन्टीनपर्यंत पळत सुटलो.

त्याच रविवारी काकांकडे गेलो. ते खाटेवर, नजर छताला. मी सगळं सांगितलं तरी काही नाही. गणवेशाचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा डावा हात उठला, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावल्यासारखा फिरला, आणि मग त्याच हाताने त्यांनी आधी एक कान झाकला, मग दुसरा. पुन्हा पुन्हा. सुनेला वाटलं, त्यांना थंडी वाजतेय. ती शाल घेऊन आली.

दुसऱ्या दिवसापासून मीही कापूस घालू लागलो. कापूस घातला की खडूचा आवाज डोक्याच्या आतून येतो, आणि मागे कुणीतरी उभं असल्याचा गारवा मानेला लागतो. वळायचं नाही, लिहीत राहायचं. काकांनी अख्खं आयुष्य असं काढलं. मीही काढलं असतं. आणि मग तुझं पत्र आलं, त्यात तीच तारीख.

आता तूच सांग, मी काय करणार होतो? नाही म्हणावं, तर मुलगीही त्याच तारखेला सांगितलेली. त्याचं अर्धं घेऊन अर्धं टाकता येत असेल असं मला वाटत नाही. पारख्याही टाळायलाच घरी गेला होता. हो म्हणावं, तर न ऐकलेल्या अर्ध्यात तू असलीस तर? सिझर म्हणजे शेवटी सुरीच. चार दिवस मी तुझा चेहरा डोळ्यांसमोर आणून कापूस घालत होतो.

काल सकाळी घातला नाही. फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि म्हटलं, सांग पुरतं. त्याने सांगितलं. मी तीनदा विचारून घेतलं, तिसऱ्यांदा तर तो हसला. आता तुझं उत्तर : हो. तीच तारीख घे, मनात काही न आणता घे. त्यात तू नाहीस, पोर नाही, तुमच्या घरातलं कुणीच नाही, हे मी आईची शपथ घेऊन सांगतो. मग उरलं कोण, असं बोटांवर मोजत बसू नकोस. मला त्या दिवशी येता येणार नाही. इथेच असेन, पळणार नाही, आणि खरं सांगू का, पहिल्यांदाच कुठे जावंसं वाटत नाहीये. सकाळी जन्माच्या रकान्यात तुझ्या मुलीचं मी माझ्या हाताने लिहीन, कारखान्यात कुणाचं लिहिलं नसेल एवढ्या मोठ्या अक्षरात. दुसरा रकाना भरायला दुसऱ्या कुणाला तरी शोधतील. सासूबाईंना सांग, भावाने हो म्हटलंय, आता बोला. आणि एवढं ऐक : आजवर त्या तारखेला तू आईसाठी घर गप्प ठेवत आलीस. यापुढे त्या दिवशी घरात गोंगाट असू दे. आईसाठी रडणं थांबव, आणि तिच्या जागी माझ्यासाठी सुरू करू नकोस.

तिथे नसलो तरी तुझाच,
भोवरा