सूर्यास्तानंतरचा अर्धा तास

ऑगस्टा, मोंटाना
६ नोव्हेंबर १९९४

चि. मार्ना हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या फिनिक्सचा उन्हाळा संपला की नाही? इथे बर्फ पडलाय आणि माझा गुडघा कुरकुरतोय. आपला करार मी विसरलेलो नाही: या शिकारीच्या हंगामात एल्क, ते सांबरासारखं मोठं हरीण, मी स्वतः मारून आणलं तर इथेच राहायचं, नाहीतर घोडे विकून तुझ्याकडे यायचं.

काल तो मोठा नर ओढ्यापाशी आला. आभाळ गच्च भरलेलं, उजेड जेमतेम. घड्याळ पाहिलं. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्धा तास, त्यापुढे गोळी नाही, आणि तो अर्धा तास सरला होता. बंदूक रिकामी केली. पठ्ठ्या माझ्याकडे बघत निवांत पाणी प्यायला! शेजारचा ऑरिन म्हणाला, तुला बघायला होतं कोण तिथे? मी म्हटलं, लिओना. तुझी आई जाऊन चार महिने झाले, पण तिचा धाक आहेच.

हंगाम अजून आहे, पण या गुडघ्याला अशी संधी पुन्हा मिळायची नाही. आता घोड्यांना गिऱ्हाईक बघतो. माया आहे तशीच ठेव.

तुझा बाबा

फिनिक्स
११ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी नाचले, तुमच्यासाठी खोलीही झाडली. खोटं कशाला बोलू? तुम्ही मला इथे हवे आहात. आईची आठवण आली की बोलायला कुणी नसतं.

मग भांडी घासताना डोक्यात प्रकाश पडला. इथे घड्याळं कधी फिरवत नाहीत, म्हणून आधी सुचलं नाही. तुमच्याकडे उन्हाळ्यासाठी एप्रिलमध्ये सगळेच ती तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबर संपताना पुन्हा मागे घेतात, आणि ते काम आईचं असायचं. यंदा तुम्ही ते केलंत का? नसेल तर बाबा, अजून तासभर बाकी होता!

गप्प बसले असते तर तुम्ही आला असता. एक दिवस बसलेही. पण मीही तुमचीच मुलगी. घोडे विकू नका. हंगाम संपायच्या आत मी येते आणि घड्याळ लावून देते.

तुमच्या मायेची भुकेली,
मार्ना

ऑगस्टा
१६ नोव्हेंबर

चि. मार्ना हिस खूप खूप आशीर्वाद.

घड्याळ तासभर पुढे आहे हे मला ठाऊक आहे गं. एप्रिलमध्ये तुझ्या आईने ते पुढे केलं, तिचा हात लागला तो शेवटचा. मागे फिरवायला माझा हात धजत नाही. एरवी मनातल्या मनात तास वजा करतो. त्या दिवशी नर पाहिला आणि वजा करायचं विसरलो. तिची फार आठवण येते, मार्ना.

लवकर ये. ओढ्यापाशी माझ्याशेजारी बस आणि किती वेळ उरला ते तू सांग. हिवाळ्यात तुझ्याकडची आणि इथली वेळ एकच असते, तेव्हा तुझं घड्याळ घालून ये. माझ्या घड्याळाला मात्र हात लावू नकोस.

वाट पाहणारा,
बाबा