अंगठ्याच्या नखाची खूण असलेली सुरई

लांब मानेच्या सुरया एक्केचाळीस, वाडगे सव्वीस, तोटीची भांडी नऊ, माणसाच्या चेहऱ्याचं भांडं एक (नाक बसकं झालं), मागची शेड, तिचं दार आणि दाराची खिटी. एवढं माझ्या दोन हातांनी झालं. शिकवणारं कोणी नव्हतं.

मी, रॉयस लामोट, वय छप्पन्न, क्वापॉ आदिवासी जमातीचा, राहणार क्वापॉ, ओक्लाहोमा, डॉक्टरांनी फुप्फुसांबद्दल सांगितलेलं सगळं नीट ऐकून, डोकं ठिकाणावर असताना, स्वतःहून हे लिहून ठेवतो. दमलो आहे. पण अक्षर बघा, सरळ आहे.

१. घर आणि ट्रक माझी धाकटी बहीण व्हर्ना हिला. स्वयंपाकघरात छत गळतं, तिथली बादली सरकवू नये. जागा मोजून ठरवलेली आहे.

२. भांडी घोटायची गारगोटी, गेरूचे डबे आणि अकरा वह्या भाची ट्रिना हिला. वह्यांतली चित्रं संग्रहालयाच्या काचेबाहेरून काढलेली आहेत. रखवालदार म्हणायचा, "साहेब, काचेला नाक लावू नका." नाक लावल्याशिवाय भांड्याच्या पांढऱ्या अंगावरचा लाल भोवरा सुरू कुठून होतो ते दिसत नाही. काचेआडची भांडी आमचीच, आर्कान्सातल्या आमच्या थडग्यांतून उकरून काढलेली. सरकारने आमच्या पूर्वजांना तिथून हाकललं, मेलेले तिथेच राहिले.

३. भांडी करायला लागल्यावर सातव्या वर्षी केलेला वाडगा चुलतभाऊ जीन याला. पहिल्या वर्षी मी जुलैच्या मेळाव्यात एकतीस भांडी वाटली. मातीत शिंपल्यांची पूड घालावी लागते हे मला कळलं होतं, जाळ मंद ठेवावा लागतो हे कळलं नव्हतं. शिंपले फार तापले की त्यांचा चुना होतो, तो हवेतलं पाणी पिऊन फुगतो. तीन आठवड्यांत घरोघरी फळ्यांवर भांड्यांना फोड आले आणि तुकडे पडले. जीन सगळ्यांसमोर म्हणाला, "रॉयसदादा, तुझी भांडी पाहुण्यांपेक्षा शहाणी. आपापली निघून जातात!" मीही हसलो, पण ते हसणं खोटं होतं. ती एकतीस वरच्या आकड्यांत धरलेली नाहीत. हा वाडगा मात्र अजून उभा आहे. जीनने त्यातून मक्याचं सूप प्यावं आणि काही बोलू नये.

४. एक्केचाळिसावी सुरई, चार भोवऱ्यांची, बुडावर माझ्या अंगठ्याच्या नखाची खूण असलेली, माझ्याबरोबर पुरावी. डाव्या कोपराशी, उभी. यावर व्हर्नाशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो.

"अरे, चांगली विकली जाईल ती. मातीत कशाला घालतोस?"

"मातीतून फार काढून नेली लोकांनी. एक परत जाऊ दे."

"आणि माझ्या डोक्यावरचं छत रे?"

व्हर्नाचं चूक नाही. तरी सुरई विकू नये, कोणाला दाखवायलाही देऊ नये. भोवऱ्यांचं तोंड माझ्याकडे असावं.

साक्षीदार: ओपल टाकर, शेजारीण. वेंडेल ब्रुएट, गॅरेजवाला.
सही: रॉयस लामोट
क्वापॉ, ऑटावा परगणा. १४ ऑक्टोबर २०१९.

सहीखाली जागा उरली म्हणून साक्षीदारांना थांबवून आणखी लिहितो. त्यांनी याखालीही आद्याक्षरं करावीत.

मागच्या वसंतात एक संग्राहक आला होता. सुरई हातात फिरवत म्हणाला, "ही बुडावरची खूण घासून टाका, नदीकाठची माती चोळा. थडग्यातली जुनी म्हणून विकतो. तुमचं नाव कुठे येणार नाही." व्हर्ना, तो किती देत होता ते तू दोनदा विचारलंस, आणि दोन्ही वेळा मी बादली ओतायला उठलो. बेचाळीस हजार डॉलर. मी नाही म्हणालो.